पलीकडे जन्मलेली माणसं

तुम्हीच मारलंत तिला. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसरा कुणी आरोपी शोधत बसायला नको.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करताना तुम्ही कारण दिलंत की या शहरात जन्म होत नाहीत. लाखभर माणसं राहतात इथे. ती काय आभाळातून पडली? कुणी येऊन बघितलंत? तुमची जलद गाडी आमच्या स्टेशनातून धडाडत जाते तेव्हा तुम्ही काच ओढून घेता आणि नाकाला रुमाल लावता. कागदगिरणीचा वास येतो ना? येतो, नाही कोण म्हणतंय. ज्या कागदावर तुम्ही सही केलीत तोही आमच्याच गिरणीतला असेल. त्याला मात्र वास येत नाही.

धाकटी सून जाऊन आठवडा झाला होता. रविवारी दुपारी गिरणीच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत घरचे पाचजण बसले होते आणि सहावी, आठवड्याची तान्ही, एका खोक्यात, जुन्या चादरीवर निजवली होती. तिला अजून नाव नव्हतं. नाव तिच्या आईने ठरवलं होतं म्हणे, पण बाळ हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असा तिचा हट्ट होता. आता विचारणार कुणाला?

थोरला बायकोला घेऊन पलीकडून आला होता. नदीपलीकडचं मोठं शहर. मोटारीने दीड-दोन तास लागतात. इथे त्या शहराचं नाव कुणी घेत नाही, नुसतं पलीकडे म्हणतात. तिथे तो नव्या इमारतींतले फ्लॅट विकतो.

"गाडीच्या काचा लावल्यास ना रे?" आईने विचारलं. "नाहीतर सीटला वास बसेल. गिऱ्हाइकं पळतील."

"आई, आल्या आल्या सुरू नको होऊस."

तिला सगळी वसाहत मुकादमीण म्हणते. गिरणीत छाटणीच्या खात्यात फाटका, डागाळलेला कागद वेगळा काढणाऱ्या बायकांवर ती मुकादम होती. नोकरी सुटून जमाना झाला, पण नाव आणि आवाज दोन्ही राहिले. टोमणा तिने थोरल्याला मारला खरा, पण त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. कारण फोन करून त्याला बोलावणारी तीच होती, आणि हे बाकीच्या दोन मुलांना माहीत नव्हतं.

"मी सरळच बोलतो," थोरला म्हणाला. "आम्ही बाळाला न्यायला आलोय."

धाकटा खिडकीशी बसला होता. तो गिरणीत लगद्याच्या हंड्यावर असतो. लाकडाचे तुकडे रसायनात शिजवायचे आणि वेळ झाली की वाफ सोडायची. शहराचा वास म्हणतात तो याच्या हातून सुटतो. त्याने मान वर केली नाही.

मधली बहीण मात्र ताडकन उठली. ती दवाखान्यात नर्स आहे. उमेदीची वर्षं सगळी बाळंतपणाच्या विभागात गेली, आणि तो बंद झाल्यापासून कुत्रं चावलेल्यांना सुया टोचते. "न्यायला? खुर्ची आहे का ती, उचलली आणि गाडीत टाकली?"

"हळू बोल, उठेल ती."

"उठू दे. कळू दे तिलाही, काका कशाला आलाय ते."

थोरली वहिनी दाराशी बसली होती. तिच्या पायाशी एक पिशवी होती आणि ती तिने पदराखाली सरकवली. पिशवीत दुधाच्या बाटल्या होत्या, मऊ टोपडी होती, दुकानदाराने आपण होऊन दिलेला एक खुळखुळा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, किती डॉक्टर झाले, आणि शेवटी हे मूल असं हातात यायचं होतं. दुकानात खरेदी करताना ती आनंदात होती. नवऱ्याच्या भावाची बायको जाऊन चार दिवस झाले होते आणि ती आनंदात होती. ते आठवून आता तिचे कान तापले.

"अगं, शांतपणे विचार कर," थोरला बहिणीला म्हणाला. "याची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. आई थकली. तू दिवसभर दवाखान्यात. पोरीला बघणार कोण?"

"बघू आम्ही. कामगारांच्या पोरांना कुणी पाळण्यात झोके देत बसतं का? वाढतातच की."

"कुठे वाढतात? इथे?" थोरल्याने खिडकीबाहेर हात केला. "तुला काय वाटतं, लोक वासामुळे इथे राहायला येत नाहीत? मी रोज घरं दाखवतो. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, दवाखाना किती लांब. मग शाळा. मग गाडी थांबते का. वासाचं विचारेपर्यंत कुणी टिकतच नाही. उद्या मी इथलं घर दाखवायला आणलं आणि एखाद्याने विचारलं, बायको रात्रीबेरात्री अडली तर काय करायचं, तर सांगू काय? फाटकात उभे राहा?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं.

धाकटी गेली त्या दिवशी रुग्णवाहिकेत मागे नर्स होती. धाकटीला दिवस भरायच्या आधीच रक्तस्राव सुरू झाला होता. इथल्या दवाखान्याच्या दाराशी गाडी थांबलीच नाही. थांबून उपयोग नव्हता. गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाशी आली तर फाटक पडलेलं. जलद गाडी जायची होती. आपल्या शहरात न थांबणाऱ्या गाडीला वाट द्यायला ते दोघं तिथे उभे होते, नर्स आणि चालक, आणि आत धाकटी. पोर तिथेच झाली. नर्सने तिला आईच्या छातीवर ठेवली. धाकटीने विचारलं, "ताई, आपण अजून इथेच आहोत ना?" हो म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बरं." फाटक उघडलं तेव्हा तिचे हात गार पडायला लागले होते. हे शेवटचं बोलणं नर्सने भावाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"आपण अजून इथेच आहोत ना" हे तिने का विचारलं ते समजायचं तर या घराची एक रीत समजायला हवी.

मुकादमिणीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने बघितलं होतं की इथली पोरं पलीकडे नोकरीला गेली की जन्मगाव वाचूनच साहेबलोक नाक मुरडतात. कागदगिरणीचं गाव ना? बघू, कळवू. तिने तेव्हाच ठरवलं, माझ्या पोराला हा डाग नको. शेवटच्या महिन्यात ती पलीकडे गेली, बस स्टँडमागे एक खोली भाड्याने घेतली, तिथल्या दवाखान्यात बाळंत झाली आणि मूल घेऊन परत आली. थोरला पलीकडचा. मग मधली, मग धाकटा, दोघंही पलीकडचे. तिचं बघून शेजारणी गेल्या, मग गल्ली, मग वसाहत. बस स्टँडमागची ती खोली कधी रिकामी राहिली नाही. एक बाळंतीण निघाली की दुसरी पोट सांभाळत जिना चढायची. वसाहतीत विनोदच झाला होता: आमच्याकडे जन्मत कुणी नाही, मरतात मात्र झाडून सगळे इथेच.

धाकटी बाहेरून आलेली. तिला हे ऐकून हसूच आवरेना. "मी काय पोर चोरून आणणार आहे? इथे राहते, इथेच होईन बाळंत." तिला हे शहर आवडायचं, यावर कुणाचा विश्वास बसत नसे. रस्ते रिकामे, नदीवर बसायला जागा, दोघांच्या पगारात दोन खोल्या. लोक मूर्ख आहेत, इथे यायचं सोडून पलीकडे खुराड्यात राहतात, म्हणायची. सासूशी तिने त्यावरून महिनाभर अबोला धरला आणि जिंकली. जिंकली आणि त्याच सुमाराला तुमचा हुकूम आला.

"काय चुकलं दादाचं?" मुकादमीण म्हणाली. "खरं तेच बोलला तो. ती माझं ऐकून महिनाभर आधी पलीकडे गेली असती तर आज इथे बसली असती."

"आई." नर्स वळली. "तो विभाग का बंद झाला, ठाऊक आहे तुला?"

"मला काय विचारतेस? सरकारला विचार."

"सरकार म्हणालं, बाळंतिणी नाहीत. आणि खरंच नव्हत्या. तिथल्या खाटांवरच्या चादरी मी रोज बदलायचे, माहितीये? कुणी न झोपता मळलेल्या. नुसत्या धुळीने. सगळी वसाहत बस स्टँडमागे जाऊन बाळंत होत होती. कुणाचं बघून?"

"हे बघ, तोंड सांभाळ."

"कुणाचं बघून, आई?"

"माझं! माझं बघून!" म्हातारीचा मुकादमी आवाज फुटला. "मग? काय वाईट केलं? हा तिथे टाय लावून हिंडतो तो कुणामुळे? तू नर्सिंगला लागलीस ती कुणामुळे? पहिल्याच दिवशी हाकललं असतं तुम्हाला दारातून. मी माझ्या पोरांचं बघितलं. गल्लीने काय करावं ते मी सांगायला गेले नव्हते."

धाकट्याने आता मान वर केली. "म्हणजे आपणच रिकामा केला तो विभाग."

थांबा. इथे तुम्ही खुर्चीत मागे रेललात, दिसलं मला. सुटलो, असं वाटलं ना? घरची माणसं धुतल्या तांदळासारखी नव्हती, मान्य. पण जन्मगाव बघून अर्ज बाजूला टाकणाऱ्या कचेऱ्या कुणाच्या होत्या? आईने पोराच्या अंगावरचा डाग पुसला म्हणून तिला बोल लावता, आणि डाग लावला कुणी? आधी तुम्ही या शहराला तोंड दाखवायला लाज वाटावी अशी पाळी आणलीत. मग ते तोंड लपवायला लागलं तेव्हा म्हणालात, इथे कुणी दिसत नाही.

"कुणी काय केलं ते उगाळून आता काय मिळणार?" थोरला म्हणाला. त्याला लवकर निघायचं होतं. "मी सगळा विचार केलाय. तिला आम्ही आमचीच म्हणून वाढवू. पलीकडेच जन्मली म्हणून सांगू. तसं अर्धा रस्ता तिकडचाच."

"फाटक अर्ध्या रस्त्यात नाही," नर्स म्हणाली. "स्टेशनच्या पुढे लगेच आहे. विसरलास इतक्यात?"

"तेच तर म्हणतोय, विसरू दे. फाटक, रक्त, गिरणी, कशाला पोरीच्या डोक्याला? तिला इथलं काही कळायलाच नको. ही तिची आई, मी बाप. संपलं."

"अहो, काय बोलताय?" थोरली वहिनी उभी राहिली. पिशवी पदराखालून निसटली आणि खुळखुळा जमिनीवर घरंगळला.

"तू मध्ये पडू नकोस."

"का नको? आई मी होणार ना? मग मी नाही तर कोण पडणार मध्ये?" तिचा आवाज चढला, आणि या घरात तो चढलेला कुणी ऐकला नव्हता. "मी बाळ न्यायला आले. त्याची आई पुसून टाकायला नाही आले. तुमच्या या घरात मला सगळ्यांनी विचारलं, काही बातमी आहे का, काही बातमी आहे का. आई, तुम्ही दर खेपेला विचारायचात. वन्सं, तुम्हीसुद्धा, डॉक्टरचं नाव सांगायच्या निमित्ताने. धाकटीने एकदाही नाही विचारलं. नुसती शेजारी येऊन बसायची आणि गिरणीतल्या बायकांच्या नकला करायची. तिचं मूल घेऊन मी तिलाच नाहीशी करू?"

"मग काय, नको का तुला मूल?" थोरला तडकला. "सांग तसं. आणि मलाच सगळे काय बघताय? मी काय दरोडा घालायला आलोय? आईने फोन करून बोलावलं आम्हाला. विचारा तिला!"

"आई?" धाकटा म्हणाला.

मुकादमिणीने भिंतीचा आधार घेतला. ती काही शरमली बिरमली नाही. तिला फक्त थकल्यासारखं झालं. तिने आयुष्यभर चांगला कागद आणि टाकाऊ कागद वेगळा केला होता, आणि टाकाऊच्या ढिगात आपण बसलोय हे तिला फार आधी कळलं होतं. पोरांना एकेक करून त्यातून बाहेर काढायचं, एवढंच तिला येत होतं.

"हो, मी बोलावलं," ती म्हणाली. "तू बोलावलं असतंस का? तू तिला त्या खिडकीत घेऊन बसला असतास, बायकोसारखंच बोलत, नदी बघ, रस्ते बघ. एक गेली, तेवढ्याने भागलं नाही का?"

"ती माझी मुलगी आहे."

"म्हणून तर."

"नाही देणार," नर्स म्हणाली. "कुणी नेणार नाही हिला. दादा, जा तू. वहिनी, तुझा राग नाही, पण जा." तिने खोक्यातून पोर उचलली आणि खिडकीशी, धाकट्याजवळ घेऊन आली.

उन्हात तिने पोरीचं तोंड बघितलं. मग कपाळावर बोट दाबून सोडलं. छातीवर दाबलं. झबलं सारून पोटावर दाबलं. शेवटी चिमुकला पाय हातात घेतला आणि तळव्यावर अंगठा दाबून उचलला. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडायला हवी होती. ती पिवळी होती.

नर्सने दुसरा तळवाही बघितला.

"काय झालं?" धाकट्याने विचारलं.

"दूध कधी घेतलं हिने?"

"सकाळी थोडं. तोंड फिरवते. झोपतेच फार."

"काल कावीळ छातीपर्यंतच होती. तान्ह्यांना होते, उतरते. ही पायापर्यंत आलीय." ती बोलत होती पण आवाज दवाखान्यातला झाला होता, घरातला राहिला नव्हता. "दादा, गाडी काढ."

"दवाखान्यात तो निळा दिवा आहे ना?" धाकटा उठला. "तूच सांगायचीस, दिव्याखाली ठेवलं की उतरते म्हणून."

"होता. विभागाबरोबर गेला."

"आणि बाळांचे डॉक्टर?"

"तेही."

"कुठे गेले?"

पलीकडे. सगळ्यांना माहीत होतं. वहिनीने पिशवीतली टोपडी काढून पुढे केली आणि थोरला किल्ली शोधत बाहेर धावला. भांडण जिथल्या तिथे पडून राहिलं.

"ठीक आहे," धाकटा म्हणाला. "नेऊ, बरी करू, आणि परत आणू."

नर्स पोरीला गुंडाळत होती. ती थांबली.

"ताई, परत आणायची ना?"

"ताप आला तर काय करशील? झटका आला तर? श्वास अडकला तर? मी काय करीन? तुझ्या बायकोला मी हातात धरून होते. माझ्याकडे हातांशिवाय काही नव्हतं."

"आत्ताच तू म्हणालीस, कुणी नेणार नाही."

"आत्या म्हणून म्हणाले. नर्स म्हणून नाही म्हणता येत रे." ती रडत नव्हती. "थोडी मोठी होईपर्यंत तरी तिकडेच राहू दे."

धाकट्याला वाटत होतं की घरात एक माणूस आपल्या बाजूला आहे. त्याने आईकडे बघितलं. ती जिंकली होती आणि तिच्या तोंडावर जिंकल्याची एक रेघ नव्हती. मग त्याने वहिनीकडे बघितलं.

"तिला सांगाल, ती कुठली ते?"

"सांगेन, भावोजी."

"दादा नको म्हणेल."

"म्हणू दे. पहिल्यांदा विचारेल तेव्हाच सांगेन. तिच्या आईचं सगळं सांगेन. नकलासुद्धा करून दाखवीन, मला जमतील तशा."

त्याने मान हलवली. नर्सच्या हातातून पोर घेतली आणि वहिनीच्या हातात दिली. पोरीने डोळे उघडले नाहीत.

बाहेर गल्लीतली दोन-चार माणसं जमली होती. एक लेकुरवाळी तेवढं म्हणाली, "पलीकडे ना? बरं केलंत," आणि आपल्या पोराला कडेवर सावरून घेतलं. थोरल्याने गाडी चालू केली. वहिनी मागे बसली, नर्स तिच्या शेजारी.

"तूही तिकडेच राहा," मुकादमीण धाकट्याला म्हणाली. "हंडा दुसरा कुणी शिजवील. येऊ नकोस परत."

"तिकडे मला काय काम देणार? आणि राहू कुठे? दादाचा एक फ्लॅट घ्यायला मला तीन जन्म लागतील." तो पुढच्या दारात एक पाय आत ठेवून उभा होता. "आई, चार वर्षांनी ती मला विचारेल. बाबा, तू राहतोस तिथे मला का नाही ठेवलंस? काय सांगू तिला?"

थोरला नुसता म्हणाला, "बस रे, उशीर होतोय." तो बसला आणि गाडी गेली.

त्याने चुकीच्या माणसांना विचारलं. त्या पाचजणांकडे याचं उत्तर नाही, त्यांनी खाटा उचलून नेल्या नाहीत, डॉक्टर हलवले नाहीत. म्हणून मी तुम्हाला विचारतो. चौकशी सुरू आहे, अहवाल यायचा आहे, निधी नाही, हे सगळं पाठ आहे आम्हाला, ते नको. मुलगी वाचली तर तिच्या बापाकडे चार वर्षं आहेत. नाही वाचली तर तेवढीही नाहीत. उतरा एकदा त्या गाडीतून. साखळी ओढावी लागेल, ओढा. वसाहत कुणीही दाखवील. पाळी सुटली की धाकटा घरी असतो, त्याच्या समोर बसा आणि तोंडाने सांगा. लाखभर माणसं राहतात त्या शहरात त्याची एक मुलगी का राहू शकत नाही?

बोला.